विज्ञान आणि कला एकाच प्रकल्पात आणायची असेल तर

नाशिक तालुक्यातील एका अनुदानित शाळेत सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्गात ४५ मुले आहेत, चित्रकलेच्या शिक्षकांना आठवड्यात दोनच तासिका मिळतात, आणि दरवर्षी ‘विज्ञान व कला’ या नावाखाली रंगवलेले तक्ते आणि ज्वालामुखीची प्रतिकृती एवढेच घडते. दोन्ही विषय खरोखर एकत्र येतील असा प्रकल्प कसा निवडावा, त्याला किती वेळ द्यावा, गुण कसे द्यावेत आणि अभ्यासक्रम मागे पडेल या पालकांच्या काळजीला काय उत्तर द्यावे?

प्रकल्प निवडताना मी एकच कसोटी लावते. आखलेल्या प्रकल्पातून कला काढून टाकली तर विज्ञानाचा प्रश्न अडतो का, आणि विज्ञान काढून टाकले तर कलाकृती अडते का, हे मी पाहते. ज्वालामुखीच्या प्रतिकृतीवरचा रंग खरवडून काढला तरी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांची अभिक्रिया तशीच होते, आणि अभिक्रिया वगळली तरी कागदाच्या लगद्याचा डोंगर तसाच उभा राहतो. दोघांचे एकमेकांवाचून काहीही अडत नाही, म्हणून तो एकत्रित प्रकल्प होत नाही. शिवाय ज्वालामुखीत आम्ल आणि सोडा यांची अभिक्रिया होत नसते. नाशिकची मुले ज्या खडकावर रोज चालतात तो बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः जमिनीच्या भेगांमधून पसरलेल्या लाव्ह्याचा आहे. पांडवलेणी त्याच खडकात कोरलेली आहेत. त्या मुलांच्या हाती शंकूच्या टोकातून फेस काढणारी प्रतिकृती दिली, तर लाव्ह्याविषयीची त्यांची समजूत उलट बिघडते.

माझ्या अनुभवात हे दोन विषय सर्वांत घट्टपणे एकत्र येतात ते मोजमापाच्या जागी. रंगाची छटा, स्वराची उंची, रेषेची लय या गोष्टी शालेय प्रयोगशाळेतील साधनांनी सहज मोजता येत नाहीत. त्या ओळखायला तयार झालेला डोळा आणि तयार झालेला कान लागतो, आणि तो तयार करणे हेच कलाशिक्षणाचे काम आहे. असा विषय निवडला की चित्रकलेचे शिक्षक सजावटीपुरते उरत नाहीत, विज्ञानाच्या प्रयोगाचे मोजमापच त्यांच्या हाती येते. खालचा पहिला प्रकल्प मी सविस्तर देत आहे, कारण तो आपल्या वर्गाच्या संख्येला नेमका बसतो आणि त्याचे साहित्य आपल्या जिल्ह्यात जवळजवळ फुकट मिळते.

प्रकल्पाचा प्रश्न असा आहे: कांद्याच्या सालीचा रंग सुती कापडावर कशाने पक्का बसतो? लासलगाव आणि पिंपळगावच्या बाजारांमुळे आपल्याकडे साली शोधाव्या लागत नाहीत; कोणत्याही मुलाच्या घरून, भाजीवाल्याकडून किंवा कांदा साठवायच्या चाळीतून त्या पिशवीभर मिळतात. या सालींत क्वेर्सेटिन नावाचे पिवळे रंगद्रव्य असते. नुसत्या पाण्यात उकळून काढलेला त्याचा रंग सुती धाग्यावर फिका बसतो आणि धुतल्यावर उतरतो. कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवले, तर तुरटीतील ॲल्युमिनिअम धागा आणि रंगद्रव्य यांच्यामधील दुवा बनते आणि सोनेरी पिवळा रंग टिकतो. तुरटीऐवजी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट वापरले, तर तोच रंग मळकट हिरवट-तपकिरी होतो. पाण्याचाही परिणाम होतो. बेसॉल्टच्या प्रदेशातील बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि त्यातील कॅल्शिअम, मॅग्नेशिअमच्या क्षारांमुळे छटा बदलू शकते.

आता ४५ मुलांची मांडणी पाहा. रंगबंधक, म्हणजे रंग धाग्यावर धरून ठेवणारे पदार्थ, तीन प्रकारे घ्यावेत: काहीही नाही, तुरटी, हिराकस. पाणी तीन प्रकारचे घ्यावे: नळाचे, बोअरचे आणि साठवलेले पावसाचे. यांच्या नऊ जोड्या होतात, म्हणून पाच-पाच मुलांचे नऊ गट करावेत आणि प्रत्येक गटाला एकच जोडी द्यावी. प्रत्येक मुलाची स्वतःची एक पट्टी असते, साधारण १० सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर लांब, मांजरपाटाची. गटातील एक पट्टी रंगवून वहीत बंद ठेवायची, दोन अर्ध्या काळ्या कागदाने झाकून खिडकीतील उन्हात ठेवायच्या, आणि दोन ठरलेल्या साबणाने ठरलेल्या वेळा धुवायच्या. उन्हाच्या आणि धुण्याच्या दोन-दोन पट्ट्या का, हे मुलांना आधी सांगू नये. दोन सारख्या पट्ट्यांचे निकाल वेगळे येतात तेव्हा ती स्वतःच विचारतात, आणि प्रयोग पुन्हा का करावा लागतो ही गोष्ट तिथे समजते. पाठ्यपुस्तकातील वाक्याने ती इतकी समजत नाही.

प्रमाण सांगते. पाच पट्ट्यांचे कापड साधारण १५ ग्रॅम भरते. ते आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास उकळून खळ काढावी. खळ राहिली तर रंग डागांसारखा बसतो आणि मग मुले त्याचा दोष तुरटीला देतात. कापडाच्या वजनाइतक्याच कोरड्या साली घ्याव्यात. एका प्रकारच्या पाण्यात तीन गटांचे कापड रंगवायचे असल्याने दोन लिटर पाण्याला ४५ ग्रॅम साली पुरतात. त्या पाऊण तास उकळून गाळून घ्याव्यात. तुरटी कापडाच्या वजनाच्या १५ टक्के, म्हणजे गटाला सव्वादोन ग्रॅम, आणि हिराकस २ टक्के, म्हणजे ०.३ ग्रॅम. इतके थोडे वजन शाळेच्या तराजूवर होत नाही. म्हणून ३ ग्रॅम हिराकस १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातील १० मिलिलिटर प्रत्येक गटाला मोजून द्यावे. द्रावणाची संहती, म्हणजे किती पाण्यात किती पदार्थ, हा कोरडा वाटणारा भाग इथे गरजेपोटी येतो.

दोन गोष्टींबाबत मी आग्रही आहे. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, मुलांच्या हातात देऊ नये. जुन्या रंगकामाच्या कृतींत ते सापडते, पण ते विषारी आहे आणि त्याचे पाणी गटारात सोडणेही योग्य नाही. हिराकसही शिक्षकांनीच हातमोजे घालून हाताळावे. दुसरे म्हणजे, उकळण्याचे काम मोठ्या माणसाने करावे, आणि रंगासाठी वापरलेले भांडे पुन्हा पोषण आहाराच्या स्वयंपाकात जाऊ नये. भांडे स्टीलचे घ्यावे. लोखंडी कढईतून लोह आणि तांब्याच्या भांड्यातून तांबे रंगात उतरते आणि छटा बदलते, त्यामुळे भांड्याचा धातू हा नकळत चौथा घटक होऊन बसतो. जुन्या नाशकात तांब्या-पितळेच्या भांड्यांचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्यामुळे एखादे मूल घरचे तांब्याचे पातेले घेऊन येईल. तेव्हा त्याला परत पाठवू नये. उरलेल्या रंगात एक जादा पट्टी त्या पातेल्यात रंगवून नऊ गटांच्या बाहेर वेगळी ठेवावी.

पहिल्या वर्षी हिरडा टाळावा, असेही माझे मत आहे. सुती कापडावर रंग धरण्यासाठी हिरडा उत्तम, पण त्यातील टॅनिन लोहाशी मिळून स्वतःच काळपट रंग देते आणि कांद्याच्या रंगाची तुलना झाकली जाते.

इथवर प्रकल्प विज्ञानाचा दिसतो. आता रंग किती उतरला, हे मोजायचे कसे? वस्त्रोद्योगात यासाठी छटांच्या प्रमाणित पट्ट्या असतात: धुण्याने झालेला बदल १ ते ५ अशा श्रेणीत सांगतात, ५ म्हणजे बदल नाही, प्रकाशाने झालेला बदल १ ते ८ अशा श्रेणीत. मुलांनी आपली पाच पायऱ्यांची पट्टी स्वतः रंगवायची. सर्वांत गडद छटेपासून पांढऱ्यापर्यंत समान अंतराने वाटणाऱ्या पाच पायऱ्या पोस्टर रंगांनी मिसळणे हे वाटते तितके सोपे नाही. पांढऱ्यात थोडासा रंग पडला तरी छटा एकदम बदलते, गडद रंगात तेवढाच पांढरा घातला तर काहीच दिसत नाही. म्हणून सारखे थेंब मोजून घातले तर पायऱ्या सारख्या दिसत नाहीत. डोळा फरकाला कसा प्रतिसाद देतो, हे या एका तासिकेत जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्यानाने होत नाही. चित्रकलेच्या शिक्षकांना या कामासाठी सलग दोन तासिका हव्यात, आणि पट्टी समाधानकारक होईपर्यंत मुलांनी ती पुन्हा रंगवावी, कारण इथे ढिलाई झाली तर पुढची सर्व मोजणी ढिली होते.

मोजताना तीन मुलांनी स्वतंत्रपणे, पट्टी कोणत्या गटाची आहे हे न कळता, श्रेणी लिहावी. पट्टीच्या मागे फक्त सांकेतिक खूण असावी. तिघांचे आकडे जुळले तर पुढे जावे. नाही जुळले तर कोणत्या उजेडात पाहिले, शेजारी कोणता रंग होता, हे तपासावे. पिवळी पट्टी निळ्या कागदावर आणि केशरी कागदावर ठेवली की वेगळी दिसते. चित्रकलेत याला रंगांचा परस्परपरिणाम म्हणून शिकवतात आणि इथे तोच मोजमापातील त्रुटीचे कारण ठरतो. मग मुलेच ठरवतात की सर्व पट्ट्या करड्या कागदावर, उत्तरेकडच्या खिडकीजवळ, सकाळच्या ठरावीक वेळी पाहायच्या.

शेवटची कलाकृती म्हणून मी गोधडी सुचवते. ४५ पट्ट्यांची मिळून एक गोधडी, जिच्यात आडव्या ओळी पाण्याच्या आणि उभ्या ओळी रंगबंधकांच्या. ती एकाच वेळी प्रयोगाचा निकाल आणि कापडावरची रचना असते. मात्र नुसता चौकटींचा तक्ता शिवून थांबू नये. उन्हात अर्धवट विटलेल्या पट्ट्यांचा गडद आणि फिका भाग कोणत्या बाजूला ठेवला की नजर आपोआप टिकाऊ रंगाकडे जाईल, हिरवट पट्ट्यांच्या जडपणाला तोल कुठे द्यायचा, धावदोरा कोणत्या रंगाचा घ्यायचा म्हणजे छटा बदललेली भासणार नाही, यावर गटांनी आधी कागदी तुकडे हलवून चर्चा करावी. शिवणकाम मुलगे आणि मुली दोघांनीही करावे, आणि शक्य असल्यास एखाद्या आजीबाईंना तज्ज्ञ म्हणून वर्गात बोलवावे. त्यांच्या टाक्याची एकसारखी लांबी मुलांनी मोजपट्टी लावून पाहावी. येवल्याचे विणकर आपल्या जिल्ह्यातच आहेत. सहल नेता आली तर तिथे रंगाच्या पक्केपणाविषयी मुलांनी आपले प्रश्न विचारावेत, पण सहल झाली नाही म्हणून प्रकल्प अडत नाही.

आपल्या वर्गात गाणारी, वाजवणारी मुले जास्त असतील तर दुसरा पर्याय ध्वनीचा आहे. एका टोकाला बंद केलेली पीव्हीसी नळी तोंडाशी धरून फुंकली की स्वर येतो. अशा नळीची लांबी तरंगलांबीच्या एक चतुर्थांश धरली, तर ३० सेंटिमीटरच्या नळीतून सुमारे २८८ हर्ट्झचा स्वर येतो. तो सा मानला तर प ची वारंवारता दीडपट, म्हणजे नळी २० सेंटिमीटर. तार सा ची दुप्पट, म्हणजे नळी १५ सेंटिमीटर. मुले याप्रमाणे काटेकोर कापतात, फुंकतात, आणि ज्याचा कान तयार आहे असे मूल लगेच सांगते की तार सा उतरलेला आहे. ते बरोबर असते. हवेचे कंपन नळीच्या उघड्या तोंडाशी थांबत नाही, थोडे बाहेर जाते. त्यामुळे प्रत्येक नळी आपल्या मापापेक्षा किंचित लांब असल्यासारखी वागते आणि हा फरक आखूड नळीला जास्त जाणवतो. नळी काही मिलिमीटर घासून कमी केली की स्वर लागतो. सूत्रातील उणीव कानाने पकडली जाण्याचा हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो, आणि म्हणून नळ्यांच्या योग्य लांबीचा तयार तक्ता मुलांना कधीही आधी देऊ नये. शेवटी प्रत्येक गटाने आपल्या नळ्यांवर आठ मात्रांची रचना बसवावी.

तालवाद्यांकडे वळायचे असेल तर नाशिक ढोल समोर आहेच. मोठ्या व्यासाच्या आणि कमी ताणाच्या पडद्याचा स्वर खालचा का, हलगी वाजवण्यापूर्वी शेकोटीवर का धरतात, असे प्रश्न मुले स्वतः विचारतात. साध्या ताणलेल्या पडद्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या पटीत नसतात, पण तबल्यावरील शाईमुळे ते जवळजवळ पटीत येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये यावर लिहिले होते. सातवीला यातील गणित नको, पण शाई असलेला आणि नसलेला पडदा ऐकून फरक सांगणे त्यांना जमते.

तिसरा पर्याय दृश्यकथेचा, आणि तो आपल्याच मातीतला आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एक-एक चौकट टिपत चित्रित केली होती, आणि तो छोटा चित्रपट पाहून त्यांना भांडवल मिळाले. हेच काम आज एका मोबाइलवर होते. सेकंदाला १२ चौकटी धरल्या तर दहा सेकंदांच्या चित्रफितीला १२० छायाचित्रे लागतात. शाळेच्या वेळेत रोज १२ काढली तर दहा दिवस लागतात. वाटाणा किंवा मूग त्या काळात पुरेसा वाढतो. कॅमेरा जागचा हलू नये आणि उजेड बदलू नये, ही चित्रफितीची गरज आणि प्रयोगात इतर घटक स्थिर ठेवण्याची गरज एकच असते. रात्रीची छायाचित्रे नसल्याने रोप दर सकाळी उडी मारल्यासारखे दिसते. ही उडी लपवायची की दाखवायची, यावर मुलांना निर्णय घेऊ द्यावा.

वेळेचे गणित आपल्याकडील ऋतूवर अवलंबून आहे. कांद्याच्या प्रकल्पाला ऊन लागते, म्हणून पावसाळ्यात तो सुरू करू नये. सप्टेंबरमध्ये पावसाचे पाणी आणि चाळीतील उन्हाळ कांद्याच्या साली साठवून ठेवाव्यात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सहा आठवडे घ्यावेत. आठवड्याला विज्ञानाच्या दोन आणि कलेच्या दोन, अशा २४ तासिका होतात. लाल कांद्याची साल त्या सुमारास येऊ लागते, ती मुद्दाम वेगळी ठेवावी; मिसळली तर तुलना बिघडते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवसांची कल्पना आहे, त्यातील दोन दिवस रंगवण्याच्या कामासाठी मिळाले तर तासिकांची घाई होत नाही. मुख्याध्यापकांशी बोलताना ही गोष्ट उपयोगी पडते.

चित्रकलेच्या शिक्षकांना प्रकल्प ठरल्यानंतर कळवू नये. प्रश्न ठरवतानाच त्यांच्यासोबत बसावे. १९३७ मध्ये वर्ध्याला मांडल्या गेलेल्या नयी तालीममध्ये हस्तव्यवसायातून इतर विषय शिकवण्याचा विचार होता, आणि तो जिथे फिका पडला तिथे बहुधा हस्तव्यवसायाकडे निमित्त म्हणून पाहिले गेले, असे मला वाटते. सूत नीट निघाले पाहिजे हा आग्रह सुटला की त्यातून शिकायचे गणितही सुटते. आपल्या प्रकल्पातही टाका वाकडा असेल तर तो उसवून पुन्हा घालावा लागेल, हे चित्रकलेच्या शिक्षकांनी सांगितले पाहिजे आणि विज्ञानाच्या शिक्षिकेने त्याला दुजोरा दिला पाहिजे.

गुणांबाबत माझी सूचना अशी की एकत्र गुण देऊ नयेत. आकारिक मूल्यमापनात प्रकल्प, प्रात्यक्षिक, तोंडी काम आणि उपक्रम ही साधने आधीच आहेत. विज्ञानाचे गुण विज्ञानाच्या शिक्षिकेने आणि कलेचे चित्रकलेच्या शिक्षकांनी, पण दोघांनी एकाच वेळी मुलाशी बोलून द्यावेत. प्रत्येक मुलाची पट्टी आणि वहीचे पान स्वतंत्र असल्याने गटात लपायला जागा राहत नाही. तोंडी परीक्षेत मी तीनच प्रश्न विचारते: तुमच्या अपेक्षेविरुद्ध काय घडले, दोन सारख्या पट्ट्यांत फरक कुठे पडला, आणि गोधडीतील तुमच्या पट्टीची जागा कोणी व का ठरवली. रंग फिका पडला म्हणून गुण कापू नयेत. रंगबंधक नसलेल्या गटाचे कामच ते आहे, आणि ही गोष्ट चिठ्ठ्या टाकून गट ठरवताना वर्गाला स्पष्ट सांगावी. नाहीतर त्या गटातील मुले गुपचूप तुरटी घालतात.

पालकांना उत्तर देताना प्रकल्पाची महती सांगत बसू नये. द्रावण, पदार्थांचे गुणधर्म, पाण्याचा जडपणा, मापन आणि त्रुटी, सरासरी आणि टक्केवारी हे घटक कोणत्या आठवड्यात कुठे येतात, याचे एक पान पहिल्याच पालकसभेत द्यावे, आणि त्याच घटकांवरील नेहमीची घटक चाचणी प्रकल्पानंतर घेऊन तिचे गुण त्या सभेतील पालकांना दाखवावेत. प्रदर्शनाची तारीख मात्र सहाव्या आठवड्याच्या आत ठेवू नये. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी गोधडी घाईने शिवायला घेतली की उन्हातील पट्ट्या वेळेआधी काढाव्या लागतात आणि झाकलेल्या व उघड्या भागांतील फरकच दिसत नाही; तालुक्याचे प्रदर्शन लवकर आले तर त्या वर्षी तिथे फक्त वही आणि छटांची पट्टी पाठवावी आणि गोधडी फेब्रुवारीत शाळेतच मांडावी.